दुकानाची चावी आणि दप्तराची चावी

रात्री दुकान वाढवताना आम्ही व्यापारी मंडळी कुलूप दोनदा ओढून पाहतो. गोदामाची चावी कोणाकडे, गल्ल्याची कोणाकडे, तिजोरीची कोणाकडे, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण गेल्या काही वर्षांत आमचे दप्तर लाल कापडी वह्यांतून निघून संगणकात आणि मोबाईलमध्ये जाऊन बसले आहे. उधारीची यादी, भावाचा तक्ता, चलने, जीएसटीची बिले, कामगारांची आधार कार्डे, सारे काही आता गूगल ड्राइव्हसारख्या सामाईक दप्तरात असते. या दप्तराची चावी आज कोणाकोणाकडे आहे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून उत्तर देतील? आम्ही देऊ शकलो नव्हतो. त्यापायी जे नुकसान झाले ते रुपयांत मोजण्यासारखे नव्हते. व्यापारी बंधूंना त्यातून काही शिकता यावे म्हणून हा लेख.

एका चलनाची गोष्ट

आमचा धंदा मालेगावच्या ग्रे कापडाचा. यंत्रमागावरून उतरलेले कोरे कापड खरेदी करायचे आणि राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे पाठवायचे. या धंद्यात मीटरमागे दहा-वीस पैसे इकडचे तिकडे झाले तरी सौदा फिरतो. प्रत्येक पार्टीचा भाव वेगळा असतो. कोणी रोखीने घेतो, कोणी ६० दिवसांच्या उधारीवर, कोणी ९० दिवसांच्या. म्हणून पार्टीवार भावाचा तक्ता ही पेढीची सर्वांत नाजूक चीज.

एके दिवशी बालोतऱ्याच्या एका जुन्या पार्टीचा फोन आला. दुसऱ्या पार्टीला आम्ही काय भाव लावतो, हे त्यांनी पैशासकट बोलून दाखवले आणि विचारले, "हाजी साहेब, आमचा इतक्या वर्षांचा व्यवहार, मग हा फरक का?" आम्ही गारठलोच. तो तक्ता आमच्याखेरीज फक्त मुलगा आणि मुनीमजी यांनाच उघडता येतो, अशी आमची समजूत. मुलगा तर घरचा. मग आमचा संशय कोणाकडे वळला असेल हे सांगायला नको.

एकोणीस वर्षांत ज्या माणसाने गल्ल्यातला एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याला आम्ही तोंडाने चोर म्हटले नाही. पण "हिशेबाचे काम काही दिवस राहू द्या, तुम्ही गोदाम बघा," असे मात्र सांगितले. "जी, सेठ" एवढेच म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

चार दिवसांनी जुम्म्याची सुट्टी होती. आमचा एक भाचा संगणकाचे काम जाणतो, तो घरी आला. त्याने ते फोल्डर उघडले, 'शेअर'वर बोट ठेवले आणि गप्प बसला. तिथे लिहिले होते, 'एनीवन विथ द लिंक'. म्हणजे ज्याच्या हाती ती लिंक पडेल त्याला दार उघडे. मग त्याने 'ॲक्टिव्हिटी'चा रकाना दाखवला. सहा आठवड्यांपूर्वी कोणी तरी ही परवानगी बदलली होती आणि नाव आमच्याच मुलाचे होते.

झाले असे की एका प्रोसेसवाल्याने एक चलन मागितले होते. मुलाने घाईत चलनाऐवजी सगळ्या फोल्डरचीच लिंक पाठवली, आणि ती अडचणीविना उघडावी म्हणून सर्वांसाठी खुली केली. तिथून ती व्हॉट्सॲपवर कोणत्या गटात आणि कोणाच्या फोनवर फिरली, अल्लाह जाणे. त्याच फोल्डरात भावाचा तक्ताही होता. साध्या गूगल खात्यात परवानगी कोणी बदलली हे दिसते, पण लिंकवरून आत येऊन कोण पाहून गेले त्याची नावे मिळत नाहीत.

मगरिबच्या नमाजनंतर आम्ही मुलाला बरोबर घेऊन मुनीमजींच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि माफही केले. पण निघताना एक गोष्ट बोलले ती आम्ही विसरलेलो नाही. ते म्हणाले, "सेठ, बिलावर भाव तुम्हीच टाकता. मला तो तक्ता कधी लागतच नाही. चावी माझ्याकडे होती म्हणून बोट माझ्याकडे आले. ज्या चावीची मला गरज नाही, ती मला देऊच नका."

परवानगी ही प्रामाणिक माणसाची ढाल

आपल्या समाजातील बरेच व्यापारी म्हणतात, आमची माणसे घरची आहेत, त्यांच्यापासून काय लपवायचे? कुणाला कमी परवानगी दिली तर त्याला वाईट वाटेल, असाही संकोच असतो. आम्हीही असेच म्हणत होतो. आता आमचे मत उलटे झाले आहे. सगळ्यांना सगळे खुले ठेवले की काही बिघडल्यावर सगळेच संशयित होतात, आणि त्यात सर्वांत आधी मान जाते ती गरीब नोकराची. ज्याच्याकडे चावीच नव्हती त्याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्यावर साक्षीदार घेण्याबद्दल आहे. ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत. समोरचा बेईमान आहे असे समजून लिहायचे नसते. उद्या दोघांत शंका उभी राहू नये म्हणून लिहायचे असते. परवानगीचेही तसेच आहे.

हिजरी सन ८ मध्ये मक्का फतह झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाची चावी उस्मान बिन तलहा (रजि.) यांनाच परत सोपवली. आजही ती चावी बनी शैबा घराण्याकडे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे झाली तरी चावी कोणाकडे याबद्दल गोंधळ नाही. अमानत सांभाळायची तर ती कोणाच्या हाती आहे, हे आधी नक्की असावे लागते.

संगणकशास्त्राचे जाणकारही हेच सांगतात. साल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला, तो आजही प्रमाण मानला जातो. त्यातील एक तत्त्व असे की, प्रत्येकाला त्याचे काम पुरे करण्यास लागेल तेवढाच अधिकार असावा, त्याहून जास्त नको. मुनीमजींनी दारात उभे राहून जे सांगितले ते हेच.

चार पायऱ्या समजून घ्या

गूगल ड्राइव्हमध्ये परवानगीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली 'व्ह्यूअर', म्हणजे फक्त पाहणारा. दुसरी 'कॉमेंटर', म्हणजे पाहून बाजूला शेरा लिहिणारा, पण मूळ कागदाला हात न लावणारा. तिसरी 'एडिटर', म्हणजे लिहिणारा आणि खोडणारा. चौथा 'ओनर', म्हणजे मालक.

यात तीन गोष्टी व्यापाऱ्याने पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

एक, फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सर्व कागदांना लागते. खोलीची चावी दिली की आतले कपाटही दिले असे समजावे. म्हणून एकच मोठे फोल्डर करून आत सारे कोंबू नये. कामानुसार वेगवेगळी फोल्डरे करावीत. कुणाला एकच चलन पाठवायचे असेल तर त्या एका चलनाची लिंक पाठवावी, नाही तर सरळ पीडीएफ पाठवावी.

दोन, 'एडिटर'ला पुढे तिसऱ्या माणसाला परवानगी देण्याचाही अधिकार आपोआप मिळतो. तो नको असेल तर 'शेअर'च्या खिडकीत वर दातेरी चक्राचे चिन्ह असते, ते दाबून एडिटरने पुढे परवानगी देऊ नये अशी सोय करता येते. तिथेच फक्त पाहणाऱ्याने कागद उतरवून घेऊ नये, छापू नये अशीही व्यवस्था आहे. अर्थात स्क्रीनचा फोटो कोणी काढला तर त्याला कुठलेही कुलूप पुरे पडत नाही. जे दाखवायचेच नाही ते दाखवू नये, हाच खरा उपाय.

तीन, 'जनरल ॲक्सेस' या ठिकाणी नेहमी 'रिस्ट्रिक्टेड' असावे. म्हणजे ज्यांची नावे आपण घातली त्यांनाच दार उघडेल. 'एनीवन विथ द लिंक' म्हणजे दुकानाची चावी पानवाल्याकडे ठेवून जाण्यासारखे आहे.

आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले अनेक व्यापारी इंग्रजी पाट्या पाहिल्या की फोन मुलाच्या हाती देतात. आम्ही तेच करत होतो आणि खरी चूक तिथेच झाली. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये भाषा बदलून उर्दू किंवा मराठी करता येते. भाचा बसला आणि पंधरा मिनिटांत आम्हाला आमच्याच दप्तराचे दार कसे उघडते, कसे लागते हे कळले. मुलाने करावे, पण बापाला तपासता यावे.

आमच्या पेढीची वाटणी

त्या जुम्म्यानंतर आम्ही दप्तराचे पाच भाग केले. प्रत्येकाचा धंदा निराळा, पण नमुना म्हणून देतो.

भावाचा तक्ता: आम्ही आणि मुलगा, दोघेच. उधारी आणि येणे: मुनीमजी लिहितात, आम्ही लिहितो, मुलगा फक्त पाहतो. त्याला थोडा राग आला, पण वसुलीच्या आकड्यांना दोनांपेक्षा जास्त हात नकोत. चलने आणि बिले: मुनीमजी व गुमास्ता लिहितात, आमचे सीए साहेब फक्त पाहतात. मालाची माहिती, म्हणजे रीड-पिक, सुताचा काउंट, पन्हा आणि नमुन्यांचे फोटो: दलाल व पार्ट्यांना पाहण्यापुरते खुले, कारण ते दाखवण्यासाठीच आहे. कामगारांची आधार कार्डे आणि बँकेचे नंबर: फक्त मुनीमजी आणि आम्ही.

हा शेवटचा भाग लोक फार हलका समजतात. कामगाराने आधारची प्रत विश्वासाने दिलेली असते. ती खुल्या फोल्डरात पडली आणि त्याच्या नावाने कोणी फसवणूक केली तर आम्ही कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर उभे राहणार? माणसांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा मंजूर केला असून अशी माहिती ठेवणाऱ्यावर ती सुरक्षित राखण्याची जबाबदारी टाकली आहे. कायदा नसता तरी ती अमानतच होती.

मालक कोण?

आता सर्वांत मोठ्या धोक्याबद्दल. ड्राइव्हमध्ये जो कागद तयार करतो तो त्याचा मालक ठरतो, मग तो कागद आमच्या फोल्डरात का असेना. नोकरीवरच्या पोराने स्वतःच्या जीमेलवरून आमच्या मालाची नोंदवही बनवली, तर गूगलच्या लेखी ती वही त्याची. तो पोरगा नोकरी सोडून गेला, त्याने ती वही पुसली किंवा त्याचे खातेच बंद झाले तर आमची वही गेली. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून गूगलचा नियम आहे की दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते ते काढून टाकू शकतात. उलट जीएसटी कायदा सांगतो की हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवा. अधिकारी कागद मागेल तेव्हा 'पोरगा सोडून गेला' हे उत्तर चालणार नाही.

उपाय सोपा आहे. पेढीच्या नावाचे वेगळे जीमेल खाते काढावे आणि सर्व महत्त्वाचे कागद त्या खात्यातून तयार करावेत. जुने कागद दुसऱ्याच्या नावावर असतील तर त्याला मालकी पेढीच्या खात्याकडे देण्यास सांगावे. पेढीच्या खात्याने ती विनंती स्वीकारावी लागते. हे जमत नसेल तर त्या कागदाची प्रत काढून आपल्या खात्यात ठेवावी. पेढीच्या खात्याला जो मोबाईल नंबर जोडायचा तो मालकाचाच असावा. पासवर्ड विसरल्यावर ज्या फोनवर संदेश येतो, खरा मालक तो फोन बाळगणाराच असतो. दोन पायऱ्यांची तपासणीही चालू करावी, म्हणजे पासवर्ड फुटला तरी दार लगेच उघडत नाही.

पेढी मोठी असेल, दहा-पंधरा माणसे कामाला असतील, तर गूगलची पैसे भरून मिळणारी सेवा घेता येते. तिच्यात 'शेअर्ड ड्राइव्ह' असते. तिथे कागदाचा मालक कोणी एक माणूस नसून पेढी असते, म्हणून माणूस गेला तरी कागद जागेवर राहतो. निर्यातीचे काम करणाऱ्या काही पेढ्या मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट वापरतात. तिथेही मुळात तीन गट असतात: ओनर्स, मेंबर्स आणि व्हिजिटर्स, म्हणजे मालक, काम करणारे आणि पाहुणे. तिथेही वरची परवानगी खालच्या कागदांपर्यंत उतरते. एकेका कागदाला निराळे कुलूप लावता येते, पण तसे शंभर कागदांना लावले की कोणते कुलूप कोणाचे हे कोणालाच आठवत नाही. माणसे गटात घालावीत आणि गटाला परवानगी द्यावी, हे बरे.

माणूस निघताना

नोकर सोडून जातो तेव्हा आपण त्याचा हिशेब करतो, राहिलेला पगार देतो, गोदामाची चावी घेतो आणि गळाभेट घेऊन निरोप देतो. त्याच बैठकीत दप्तराची चावीही परत घ्यावी. प्रत्येक फोल्डरातून त्याचे नाव काढावे. तो पेढीचे खाते आपल्या फोनवर वापरत असेल तर त्या फोनवरून ते बाहेर काढून पासवर्ड बदलावा. हे त्याच्यासमोर करावे आणि सांगावे की, भाई, हे तुझ्याही भल्याचे आहे, उद्या काही झाले तर तुझ्यावर आळ येणार नाही.

नंतर भांडणे झाली तर कायदाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकातील माहिती उघडणे किंवा तिची प्रत काढणे यासाठी भरपाई मागता येते. बेईमानीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण परवानगी आपणच चालू ठेवली असेल तर 'परवानगीशिवाय' हा शब्द सिद्ध करणे किती कठीण, हे कोणताही वकील सांगेल.

आणि आपण स्वतः निघताना

एक निरोप असा आहे की त्यात चावी परत घ्यायला आपण नसतो. मयताची मालमत्ता वारसांत वाटण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे, हा शरियतचा हुकूम आपण जाणतो. पण कर्जाची यादी ज्या खात्यात आहे ते वारसांना उघडताच आले नाही तर? कोणाचे देणे राहिले आणि कोणाकडून येणे आहे हे मुलांना कसे कळणार? आमच्या वडिलांची वही कपाटात होती, कोणीही उघडू शकत होते. आमची वही आमच्या अंगठ्याच्या ठशावर उघडते.

गूगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. आपण ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंतची एक मुदत ठरवायची. तेवढा काळ खाते वापरात नसले तर आपण नेमलेल्या माणसांना कळवले जाते आणि आपण ठरवलेली माहिती त्यांना मिळते. पण देणेकऱ्याने इतके महिने थांबावे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून देण्या-येण्याच्या यादीची छापील प्रत दर महिन्याला काढून आम्ही तिजोरीत ठेवतो आणि ती कुठे आहे हे घरात दोघांना सांगून ठेवले आहे.

महिन्यातून एक जुम्मा

हे सारे एकदा करून भागत नाही. नवी माणसे येतात, घाईत एखादी लिंक खुली होते. म्हणून महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला नमाजला जाण्यापूर्वी आम्ही आणि मुलगा अर्धा तास बसतो आणि पाच प्रश्न विचारतो. कोणते फोल्डर लिंकवर खुले राहिले आहे? ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाला आजही त्या कागदाची गरज आहे का? गेल्या महिन्यात सोडून गेलेल्याचे नाव राहिले आहे का? नवा कागद कोणाच्या मालकीचा बनला? पेढीचे खाते कोणकोणत्या फोनवर चालू आहे? उत्तरे एका साध्या वहीत लिहितो, तारीख टाकतो आणि दोघे सही करतो.

मुनीमजी पुन्हा हिशेबाच्या गादीवर बसतात. भावाच्या तक्त्याची चावी आता त्यांच्याकडे नाही. मध्यंतरी आणखी एकदा बाजारात आमचा एक भाव फुटल्याची बातमी आली. आम्ही त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलाला बोलावले, दार लावले आणि आधी आपल्याच दोघांचे फोन टेबलावर ठेवले. भाव एका दलालाने अंदाजाने सांगितला होता, असे तासाभरात कळले. बाहेर मुनीमजी चष्मा लावून बिले करत होते. त्या दिवशी डबा त्यांनी वेळेवर उघडला.